दोनदा वाजलेला दीड

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे. बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी एक रहस्यकादंबरी लिहितेय. महासागर ओलांडणारं प्रवासी जहाज. चौथ्या रात्री एका वृद्ध प्रवाशाच्या केबिनमधून हाताने काढलेला जुना सागरी नकाशा नाहीसा होतो. नायिका पंधरा वर्षांची, तिची आई जहाजावर डॉक्टर. तिला मदत करणारा मुलगा चौदा वर्षांचा, जहाजावर साफसफाईचं काम करणारा. आठ प्रकरणं झाली आणि आता पुढे सरकत नाही. मैत्रीण म्हणते, ही गोष्ट हॉटेलात घडवलीस तरी चालेल. मोठी माणसं एका मुलीला तपास करू देतील हे मलाच पटत नाही, म्हणून मी आईला तापाने झोपवलंय आणि कप्तानाला जरा मंद दाखवलंय. कॅमेरे आणि मोबाईल आडवे येतात, म्हणून सगळं १९१० सालात न्यावं का? धाकट्या भावाने तर तिसऱ्याच प्रकरणात चोर ओळखला. म्हणाला, "त्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला गोष्टीत दुसरं काही कामच नाही." शेवटी चोर नांगराच्या साखळीच्या कोठीत लपतो आणि नायिका एकटी खाली उतरून त्याला पकडते, असं ठरवलंय. आणि मुलांना धरून ठेवायचं तर खून हवाच का?

उत्तर : तुझी मैत्रीण बरोबर बोलली, आणि आठव्या प्रकरणावर बोलली हे फार बरं झालं. तू पाठवलेला गोषवारा मी मन लावून वाचला. त्यात लाटा आहेत, सूर्यास्त आहे, कठड्याला टेकून उभी असलेली नायिका आहे. पण चोरी होते खोलीत, तपास होतो बोळात आणि दिवाणखान्यात. समुद्र खिडकीबाहेरच राहिलाय. जहाज तुझ्या गोष्टीत अजून काही करतच नाही. माझं सगळं सांगणं एवढंच आहे: जहाजाचा रोजचा रिवाज चोराला संधी देईल आणि तोच रिवाज त्याला उघडा पाडेल, अशी गोष्ट रच. तुझ्या बाकीच्या बऱ्याच अडचणी त्यातूनच सुटतील.

घड्याळापासून सुरुवात करू. १५ रेखांश ओलांडले की वेळेत एका तासाचा फरक पडतो. त्यामुळे महासागर पार करणाऱ्या जहाजाला वाटेत आपली घड्याळं बदलत जावं लागतं. पश्चिमेला निघालेलं जहाज दर एक-दोन दिवसांनी घड्याळ तासभर मागे घेतं, पूर्वेला निघालेलं पुढे करतं. प्रवासी जहाजांवर हे बहुधा रात्री उरकतात आणि आदल्या संध्याकाळी प्रवाशांना तशी सूचना देतात. तुझं जहाज कुठल्या दिशेला चाललंय हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. ते पश्चिमेला ने. मग चौथ्या रात्री दोन वाजले की घड्याळ पुन्हा एकवर येईल, आणि त्या रात्री दीड दोनदा वाजेल.

आता बघ काय होतं. व्यापारी सांगतो, "दीड वाजता मी वाचनालयात होतो." तिथला कर्मचारी सांगतो, होय, मी त्यांना पाहिलं. दोघंही खरं बोलतायत. पहिल्या दीडला तो तिथे होताच. नकाशा गेला तो दुसऱ्या दीडला. कुणाच्याही तोंडी खोटी साक्ष न घालता चोराला निर्दोष ठरवणारा भक्कम पुरावा उभा राहिला. तेरा वर्षांच्या वाचकाला हे शेवटी उमगेल तेव्हा तो मागची पानं उलटून बघेल, आणि सूचना त्याच्या डोळ्यांसमोरच होती हे त्याला दिसेल. किशोरांच्या रहस्यकथेत मला याहून मोठा आनंद ठाऊक नाही.

उलगडा कसा करायचा? ब्रिजवर, म्हणजे अधिकारी जिथून जहाज चालवतात त्या कक्षात, एक नोंदयंत्र असतं, विमानातल्या ब्लॅक बॉक्सचं सागरी भावंड. त्यात जहाजाची जागा, वेग, ब्रिजवरचं बोलणं असं सगळं जागतिक प्रमाणवेळेनुसार साठत जातं. त्या वेळेत दीड दोनदा वाजत नाही. पण नायिकेला त्या यंत्राजवळ फिरकूही देऊ नकोस, तिला त्याची गरज नाही. तिच्या मनगटावर निघाल्या बंदराची वेळ दाखवणारं साधं घड्याळ बांध. घरी राहिलेल्या मैत्रिणीशी बोलायची वेळ चुकू नये म्हणून तिने ते मुद्दाम बदललेलं नाही, एवढं कारण पुरे. त्या रात्री तिला झोप लागली नाही, बोळात दार लागल्याचा आवाज आला, तिने घड्याळ पाहिलं. सगळ्यांच्या साक्षी जहाजाच्या वेळेत आणि तिची एकटीची वेगळ्या वेळेत. तिचं म्हणणं आधी कुणीच मनावर घेणार नाही, कारण ते इतर कुणाशीच जुळत नाही. आणि नेमकं तेच खरं असेल.

मोबाईलचंही असंच. नेटवर्क नसलेल्या मोबाईलला भर समुद्रात वेळ बदलल्याचं आपोआप कळत नाही, ती हाताने बदलावी लागते. ज्यांनी बदलली आणि जे विसरले त्यांच्या खिशात त्या रात्री दोन वेगळ्या वेळा होत्या. ज्या मोबाईलला तू अडचण समजतेस तोच गोंधळ वाढवायला मदत करतोय. कॅमेऱ्यालाही हाच न्याय लाव. कॅमेरे बोळात असतात, केबिनच्या आत नसतात. मागे घेतलेल्या घड्याळाप्रमाणेच चित्रणावर वेळ उमटत असेल तर "दीड" अशा शिक्क्याचे दोन तुकडे असतील. सुरक्षा अधिकाऱ्याने पहिला तुकडा काढला, बोळ रिकामा दिसला, विषय संपला. आधुनिक साधनं लपवायची नसतात, त्यांनी दाखवलेल्या खऱ्याचा माणसांना चुकीचा अर्थ लावू द्यायचा असतो.

म्हणून १९१० सालात पळून जाऊ नकोस. त्या वर्षाचं नाव तू सहज घेतलंस की ठाऊक असून, कोण जाणे. पण जहाजावरच्या पाठलागाची एक गाजलेली खरी घटना त्याच वर्षीची आहे. जुलै १९१० मध्ये 'माँट्रोझ' हे जहाज अँटवर्पहून कॅनडाकडे निघालं. लंडनमध्ये पत्नीच्या खुनाच्या संशयावरून पोलीस ज्याला शोधत होते तो डॉ. क्रिपेन वेष पालटून त्यात बसला होता. सोबत एथेल ले नीव, मुलाचे कपडे घालून. दोघं बाप-लेक म्हणून वावरत होते. कप्तान हेन्री केंडल यांना त्यांच्या वागण्यावरून संशय आला आणि त्यांनी बिनतारी यंत्रावरून किनाऱ्याला संदेश पाठवला. इन्स्पेक्टर वॉल्टर ड्यू जास्त वेगवान 'लॉरेंटिक'ने निघाले, 'माँट्रोझ'च्या आधी पलीकडे पोहोचले आणि ३१ जुलैला सेंट लॉरेन्स नदीत जहाजावर चढून त्यांनी दोघांना अटक केली. मधल्या दिवसांत वर्तमानपत्रं या पाठलागाच्या बातम्या छापत होती. जग वाचत होतं, आणि ज्यांचा पाठलाग चालला होता त्या दोघांनाच पत्ता नव्हता. यातून घेण्यासारखं हे की जहाजावरचा ताण कुणाला काय ठाऊक आहे यातून येतो. यंत्रं नसल्याने तो येत नाही. उलट इथे तर नव्याने आलेल्या बिनतारी यंत्रानेच गोष्ट घडवली. शिवाय जुना काळ निवडलास तर कपड्यांपासून वर्गवार डेकपर्यंत सगळं नव्याने अभ्यासावं लागेल. त्या काळाचं वेड असेल तर जरूर कर, पण कॅमेऱ्याच्या भीतीने करू नकोस.

आता मोठ्या माणसांकडे येते. तुझी आठ प्रकरणं मला इथे सर्वात जास्त खटकली. आईला अंथरुणातून उठव आणि कप्तानाला त्याची बुद्धी परत दे. नायिका हुशार ठरावी म्हणून आजूबाजूची माणसं मठ्ठ केली की मुलांना ते लगेच कळतं, आणि त्यांचा मान राखला गेला नाही असं त्यांना वाटतं.

कप्तान तपास का करत नाही याला सरळ कारण आहे: ते त्याचं काम नाही. त्याच्यावर शेकडो जिवांची जबाबदारी आहे. चोरीची नोंद तो करेल, केबिन बंद करायला लावेल, सुरक्षा अधिकाऱ्याला चौकशी सांगेल आणि किनाऱ्याला कळवेल. खुल्या समुद्रात जहाजावर त्याच्या ध्वजाच्या देशाचा अधिकार चालतो, ही तरतूद १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात आहे. ध्वज एका देशाचा, नकाशाचा मालक दुसऱ्या, व्यापारी तिसऱ्या आणि पुढचं बंदर चौथ्या देशाचं असू शकतं. शहाणा कप्तान अशा वेळी पुराव्याशिवाय कुणा प्रवाशाचं सामान उपसायला सांगणार नाही. त्याचं थांबणं समंजस आहे, आणि त्या थांबण्यातच तुझ्या नायिकेला जागा मिळते.

आई तर तुझ्या हातातला सर्वात चांगला पत्ता आहे. प्रत्येक प्रवासी जहाजात खरं तर दोन जहाजं असतात, प्रवाशांचं आणि कर्मचाऱ्यांचं. गालिचा संपतो, एक साधं दार येतं, आणि पलीकडे रंगवलेलं लोखंड, नळांचं जाळं, अरुंद जिने आणि पाळी संपवून झोपायला निघालेली माणसं. प्रवासी त्या दारापलीकडे जात नाहीत. कर्मचारी अलीकडे येतात ते गणवेशात आणि कामापुरते. डॉक्टरची मुलगी मात्र दोन्हीकडे थोडी थोडी वावरू शकते. तिला प्रवासी लहान समजून दुर्लक्षितात, कर्मचारी डॉक्टरची मुलगी म्हणून बोलतात. तपासाला याहून चांगली जागा नाही, आणि ती कुठल्याही मोठ्या माणसाला मिळणार नाही.

त्यातच खरी पेचाची गोष्ट दडलेली आहे. समज, चोरीच्या दुसऱ्या दिवशी हात कापलेला एक तरुण केबिन कर्मचारी दवाखान्यात येतो आणि कशाने कापला ते सांगत नाही. नायिकेच्या कानावर हे पडतं. रुग्णाची माहिती आई सांगू शकत नाही, मुलीने ती वापरणं म्हणजे आईचा विश्वास आणि कदाचित नोकरीही पणाला लावणं. तरी ती वापरते. त्याच्याकडे केबिनच्या किल्ल्या असतात, तो गडबडलेला दिसतो, ती त्याचं नाव घेते. आणि ती चुकलेली असते. एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर एका माणसाचं काम थांबतं, त्याला पुढच्या बंदरावर उतरवायची तयारी सुरू होते. हे प्रकरण तू मनापासून लिही. या वयात मुलांना आपल्या शब्दाची ताकद पहिल्यांदा कळत असते, आणि तिने कुणाला इजा होऊ शकते हेही. यानंतर नायिका तपास का सोडत नाही हे तुला वेगळं सांगावं लागणार नाही. तिला आता नकाशापेक्षा त्या माणसाची नोकरी परत मिळवायची आहे.

खुनाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. नको. ज्याची रोजीरोटी जाऊ शकते असा एक निरपराध माणूस पुरेसा आहे.

चौदा वर्षांच्या सफाई कामगार मित्राला मात्र निरोप द्यावा लागेल. २००६च्या सागरी कामगार करारानुसार १६ वर्षांखालच्या कुणालाही जहाजावर कामाला ठेवता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्यांना प्रशिक्षणासारखे अपवाद सोडले तर रात्रीचं काम देता येत नाही. त्याच्या जागी सतरा वर्षांचा कॅडेट आण. तो प्रशिक्षणासाठी ब्रिजवर असतो, जागतिक वेळ आणि जहाजाची वेळ यांतला फरक त्याला रोज वहीत लिहावा लागतो, आणि वरिष्ठांची त्याला धास्ती असते. पाळ्यांचं गणितही तोच सांगू शकेल. जुन्या पद्धतीत आठ ते बारा थर्ड ऑफिसर, बारा ते चार सेकंड ऑफिसर, चार ते आठ चीफ ऑफिसर असा पहारा असतो, सकाळीही आणि रात्रीही. मोठ्या प्रवासी जहाजांवर अधिकारी जास्त असल्याने मांडणी थोडी बदलते. काही जहाजांवर तर मागे घेतलेला तास तिन्ही पाळ्यांत वीस-वीस मिनिटं वाटून घेतात, म्हणजे कुणा एकावर जास्तीच्या तासाचा भार पडत नाही. तू मात्र तो एकदम मागे घे, नाहीतर वाचक हिशेबातच अडकतील.

आणखी एक दुरुस्ती. तुझ्या गोषवाऱ्यात लाइफजॅकेट घालून जमण्याचा आपत्कालीन सराव दुसऱ्या दिवशी आहे. जानेवारी २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज खडकावर आदळून ३२ माणसं गेली. तोवर हा सराव २४ तासांच्या आत घेतला तरी चालत असे. २०१५ पासून लांबच्या सफरीवर नव्याने चढलेल्या प्रवाशांचा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावा लागतो. तो पहिल्या प्रकरणात आणलास तर दुहेरी फायदा. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजतो, सगळी पात्रं नेमून दिलेल्या जागी गोळा होतात, तुला ओळखपरेड वेगळी घ्यावी लागत नाही. आणि तेवढा वेळ प्रवाशांच्या केबिन रिकाम्या असतात. एक माणूस सरावाला थोडा उशिरा पोहोचला, ही ओळ तिथे टाकून पुढे निघून जा.

भावाला माझा निरोप दे की त्याला संपादकाची नजर आहे. ज्या पात्राला गोष्टीत काम नसतं ते चोरच असणार, हे मुलं ओळखतात. व्यापाऱ्याला काम दे. तो वृद्ध गृहस्थांशी रोज बुद्धिबळ खेळू दे, नायिकेला नकाशे वाचायला शिकवू दे. त्याच्यामुळेच तिला रेखांश आणि वेळ यांचं नातं कळलं असेल तर फारच उत्तम: चोराने स्वतःच शिकवलेल्या गोष्टीने तो पकडला जाईल, आणि आपल्या शिक्षकाचं नाव घेताना तिला खरंच त्रास होईल. इतर संशयितांनाही प्रत्येकी एक काम आणि एक खासगी गुपित दे. घड्याळाच्या सूचनेचा कागद भांडणाखाली लपव. दाराखालून सरकवलेला तो कागद नायिका उचलते, त्याच क्षणी आई तिला ओरडते, आणि वाचकाचं सगळं लक्ष त्या ओरडण्याकडे जातं.

साखळीच्या कोठीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. तो शेवट काढून टाक. बंद लोखंडी जागेत गंज चढताना हवेतला प्राणवायू संपत जातो. आत गेलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो, आणि त्याला वाचवायला धावलेला दुसराही. जहाजांवर अशाच माणसांचे जीव गेले आहेत, म्हणून हवा तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय अशा कोठीत कुणी उतरत नाही. तुझी नायिका तिथून सुखरूप वर आली तर कुणी मूल चुकीची गोष्ट शिकेल. खेरीज प्रवाशांना त्या भागात मज्जाव असतो. आणि रात्री पुढच्या डेकवर साधी विजेरी पेटवली तरी अंधारात ठेवलेल्या ब्रिजवरून ती लगेच दिसते. व्यापारी तिथे पोहोचलाच कसा, हा प्रश्न तुझ्या मागे लागेल.

त्यापेक्षा शेवटची रात्र वापर. नकाशा चोरणं सोपं होतं, तो जहाजावरून उतरवणं अवघड आहे. अनेक प्रवासी जहाजांवर बंदर गाठण्याच्या आदल्या रात्री प्रवासी मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवतात, आणि कर्मचारी त्या गोळा करून नेतात. काही तास सगळे बोळ बॅगांनी भरलेले असतात आणि प्रत्येक बॅगेवर मालकाचं नाव असतं. व्यापाऱ्याला स्वतःच्या सामानात नकाशा नको आहे. दुसऱ्या कुणाच्या बॅगेत सरकवायचा आणि किनाऱ्यावर ती बॅग "चुकून" उचलायची. २० नॉट, म्हणजे ताशी २० सागरी मैल वेगाने जहाज दिवसाला ४८० सागरी मैल जातं. बंदराचं अंतर त्यावरून ठरव आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला उरलेले मैल लिही, म्हणजे घाई आपोआप जाणवेल.

आता बॅग कुणाची हे ठरव. माझी निवड विचारशील तर आईची. तिचा करार या बंदरावर संपतोय, म्हणून तिचं सामानही बोळात आहे. ज्या दवाखान्यातून मुलीने चोरून ऐकलं, त्याच डॉक्टरच्या बॅगेत नकाशा. नायिकेला आता कप्तानाकडे जाऊन आपल्याच आईची बॅग उघडायला सांगावं लागेल, आणि व्यापारी ती न्यायला येईपर्यंत गप्प राहायलाही. पण त्याआधी तिला आईला सगळं सांगावं लागेल, त्या कर्मचाऱ्याचं नाव कुठून कळलं यापासून. नववं प्रकरण बाजूला ठेव आणि मायलेकींचं हे बोलणं आधी लिहून काढ.

— तुझी ताई